गाळणीनंतरची नळी

५ मार्च, मंगळवार

आकडा ५१२. इतका मोठा या खोलीत मी तीनदाच पाहिला.

नवीन पेशंट. बाई लाँड्री चालवतात, स्वतः इस्त्री करतात. उजव्या मनगटावर जुन्या भाजल्याच्या तीन आडव्या खुणा. दुपारपर्यंत सगळा स्टाफ त्यांना काकू म्हणायला लागला, मीही.

मूत्रपिंड देणार आहे त्यांची नणंद. रक्तगट जुळत नाही. नणंदेच्या रक्तगटाविरुद्ध काकूंच्या रक्तात अँटिबॉडी आहेत — भरपूर. त्या काढल्याशिवाय मूत्रपिंड बसवलं तर ते टिकणार नाही. काही तास, फार तर काही दिवस. म्हणून तळमजल्यावरची माझी खोली आणि माझं मशीन.

आकड्याचा अर्थ काकूंना सांगितला. तुमचं रक्त ५१२ पट पातळ केलं तरी नणंदेच्या रक्ताला चावतं. आठ पटीच्या पुढे चावणं थांबलं पाहिजे. आठवर आलं की ऑपरेशन.

नणंद खुर्चीत बसून ऐकत होत्या. निवृत्त तिकीट तपासनीस. बसणं अजून ताठ. म्हणाल्या, "तीस वर्षांत माझं एक पटलं नाही हिला. आता रक्तालाही पटेना."

काकू डोळे मिटूनच म्हणाल्या, "रक्त माझ्यापेक्षा शहाणं आहे."

दोघी हसल्या. मी गाळणी जोडत होते. हाताच्या पंजाएवढी असते. आत पांढरे मणी, मण्यांवर नणंदेच्या रक्तगटाची खूण चिकटवलेली. अँटिबॉडी ती बघून झडप घालतात आणि तिथेच अडकतात. बाकी सगळं परत जातं. मानेतून निघणारी लाल नळी वरून गाळणीकडे येते. गाळणीच्या खालून निघते ती निळी, परत मानेत. चार तास.

संपल्यावर पंप थांबवायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, मग लाल नळीतून नमुना. हा नियम. १२८ आला.

मॅडमनी — किडनीच्या डॉक्टर — जाताना दारात सांगितलं: मानेत घातलेली ही तिसरी नळी — लाल आणि निळी तिचीच दोन टोकं; आधीच्या दोन गेल्या. दुसरी बाजू आतून बंद झालीय, हाताच्या शिरा संपल्यात. ही महिनाभर टिकली तर नशीब. ही गेली की डायलिसिसही नाही. म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही.

६ मार्च, बुधवार

मशीन धुतलं. गाळणी धुऊन थंड कपाटात ठेवली. एकाच पेशंटसाठी हीच पाच वेळा वापरायची. दुसरी मागवली तर यायला तीन आठवडे.

७ मार्च, गुरुवार

सुरुवातीला २५६. परवा संपल्यावर १२८ होता. मधल्या दिवसात थोडं वर चढतंच, ते नेहमीचं. हाडांच्या मगजात नवीन अँटिबॉडी बनत राहतात.

लाल नळीनं आज छळलं. तिसऱ्या तासापासून तिचं आतलं टोक शिरेच्या भिंतीला चिकटत होतं. दर दहा मिनिटांनी मशीन ओरडायचं. काकू प्रत्येक वेळी दचकायच्या, मान आखडायची, की टोक आणखीच चिकटायचं. ओठांना मुंग्या आल्या म्हणाल्या. कॅल्शियम दिलं; रक्त गोठू नये म्हणून मशीनमध्ये जे औषध घालतो त्यानं ते कमी होतं.

मध्येच भिंतीवरच्या चित्राकडे बघत म्हणाल्या, "यात तुमच्या कोटाचं तिसरं बटण तुटलेलं आहे."

तुटलेलंच होतं. चित्र ड्रॉइंग सरांचं आहे, शाळेत चित्रकला शिकवायचे ते. दोन वर्षांपूर्वी याच पलंगावर पाच वेळा झोपले होते. शेवटच्या दिवशी उशीला टेकून बसले, डाव्या हातानं पॅड धरून पेन्सिलीनं मशीन काढलं, आणि मशीनपाशी मला. जे दिसतं तेच काढतात. गाळणीवर मी चिकटपट्टी लावली होती, तीही आहे.

"बरे झाले ते?" काकूंनी विचारलं.

नाही म्हणाले. बायकोनं मूत्रपिंड दिलं होतं. तिसऱ्या दिवशी शरीरानं नाकारलं, काढावं लागलं. हे मात्र काकूंना सांगितलं नाही. ते येतात अजून, एवढंच सांगितलं.

चार तास संपत आले तेव्हा नमुन्याचा प्रश्न. पंप थांबवून पंधरा मिनिटांनी ही लाल नळी रक्त देईल याची खात्री नव्हती. जोरानं ओढलं आणि आत गाठ झाली तर नळीच गेली. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पंप चालू असतानाच निळ्या नळीतून नमुना घेतला. निळी नीट वाहत होती. पूर्वी एकदा-दोनदा केलं आहे असं. काही बिघडलं नव्हतं. रक्त तर तेच.

चार वाजता लॅबवाल्याचा फोन. "बसून ऐक. सोळा."

सोळा! दोनशे छप्पन्नवरून सोळा!

नणंदेनं काकूंना सांगितलं, "बघ, वठणीवर आलं."

८ मार्च, शुक्रवार

सकाळी लिफ्टमध्ये ड्रॉइंग सर. सोमवार, बुधवार, शुक्रवार सात वाजता ते दुसऱ्या मजल्यावर डायलिसिसला येतात. बायको सोबत असतेच. कमरेला हात लावून उभी होती. मूत्रपिंड काढल्याची जागा गारव्यात दुखते म्हणे.

नवीन पेशंट कशी आहे विचारलं. आकडा चांगला उतरतोय म्हटलं.

"माझाही उतरला होता," सर म्हणाले. "तुम्ही अगदी चारवर आणून दिलात. माझंच रक्त हट्टी."

बायको लिफ्टच्या बटणांकडे बघत होती.

९ मार्च, शनिवार

सुरुवातीला १२८.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. दोन दिवसांत सोळाचे एकशे अठ्ठावीस. "उसळी भयंकर आहे," म्हणाल्या. "शरीर ऐकत नाहीये." अँटिबॉडी बनूच नयेत म्हणून जे औषध चालू आहे त्याचा डोस वाढवला. मी फाइलवर लिहून घेतला.

लाल नळी तिसऱ्या तासाला चिकटली. नमुना निळीतून. १६.

१० मार्च, रविवार

घरी. बाबांनी पेपर वाचून दाखवला. छापखान्यात अक्षरं जुळवणारे जुळारी होते, आता डोळे अधू झालेत तरी चूक शोधत वाचतात. तीन सापडल्या. दिवस चांगला गेला त्यांचा.

१२ मार्च, मंगळवार

सुरुवातीला ६४. संपल्यावर ८. निळीतून.

आठ आला आणि कुणाला आनंद झाला नाही. परवा पुन्हा वर जाणार हे सगळ्यांना माहीत. काकूंचे हात थरथरताहेत, वाढीव औषधानं. कप धरता येत नाही. नणंद कप धरतात आणि त्यावरून बोलतात. "सांडू नकोस. घरी मी पाहुणी असताना सांडायचीस तशी मुद्दाम."

"मुद्दाम सांडलं ते तुझ्या साडीवर. डाग मीच काढला होता."

"गेला नव्हता."

"गेला होता. तुला दिसत राहिला."

दुपारी मॅडमनी सर्जनना खाली बोलावलं. माझ्याच खोलीत बोलले. रक्त उसळतं, ठीक — मग उसळायच्या आत ऑपरेशन करायचं. गुरुवारी गाळायचं, आकडा आठ किंवा खाली आला की थांबायचं नाही, शुक्रवारी सकाळी आठला टेबलावर. सर्जन म्हणाले, "आकड्याची खात्री द्या, मी तयार आहे."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

१४ मार्च, गुरुवार

सुरुवातीला ६४. पाचवी आणि शेवटची वेळ. गाळणीचे मणी पिवळट पडलेत.

संपल्यावर निळीतून नमुना. लॅबवाल्याचा फोन चारला दहा मिनिटं कमी असताना. "चार."

उद्या सकाळी आठ.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.१०

कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून लिहितेय. लिहिलं तर क्रम लागेल म्हणून.

साडेपाचला मानेवरची पट्टी बदलायला वॉर्डात गेले. काकू आणि नणंद बोलत होत्या. नणंदेच्या घरी कपडे धुवायचं नवं मशीन आलंय. शेवटी नळीतून नितळ पाणी येतं, म्हणजे कपडे स्वच्छ, असं नणंद म्हणत होत्या. काकू वैतागल्या.

"ती नळी कुठली बघतेस? आत जाणारी ना? ते नळाचं पाणी, ते नितळच असणार. टबात हात घाल आणि तिथलं पाणी बघ."

मी पट्टीची कड दाबत होते. दाबतच राहिले. काकू म्हणाल्या, "अहो, दुखतंय."

निळी नळी गाळणीच्या नंतरची. तिच्यातलं रक्त नुकतंच गाळून निघालेलं. काकूंच्या अंगात जे फिरतंय ते नव्हे. मी चार वेळा गाळलेलं रक्त तपासायला दिलं आणि सांगितलं की सगळं रक्त असं आहे.

शून्य आलं असतं तर कुणीही ओळखलं असतं. पण चार तासांत मणी भरत येतात, शेवटी गाळणी थोडं सोडते; अंगातलं कमी होत गेलं तसं तेही कमी. म्हणून सोळा, आठ, चार. पटण्यासारखे आकडे.

उसळी नव्हतीच. कधीच नव्हती. आकडा तेवढा खाली गेलाच नव्हता, तर वर काय येणार? नसलेल्या उसळीसाठी औषध वाढवलं. नसलेल्या उसळीला चुकवायला उद्या सकाळची घाई.

खरा आकडा मला माहीत नाही. बत्तीस असेल. सोळा असेल. आठही असू शकेल. आठ असला तर काहीच झालं नाही. कुणाला कळायचं कारण नाही.

६.५५

वॉर्डात जाऊन लाल नळीतून नमुना घेतला. मान डावीकडे वळवायला सांगितली, हातानं हळूच ओढलं. आलं! इतकं सोपं होतं. काकूंनी विचारलं, आता कशाला. राहिलं होतं म्हटलं.

लॅबमध्ये नेला. जाता जाता एकदा करून बघ, म्हटलं. लॅबवाला टोपी घालून निघायच्या बेतात. बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कागद?"

"उगाच. खात्रीसाठी."

"उद्या कापणार आहेत त्या बाईला. कागदाशिवाय मी बाटली उघडत नाही. तुलाच ठाऊक आहे."

कोरा फॉर्म पुढे सरकवला. नाव, वॉर्ड, वेळ. खाली एक चौकोन: पुन्हा तपासणीचं कारण.

फॉर्म घेऊन इथे आले. समोर आहे. नाव लिहिलं. वॉर्ड लिहिला.

'नमुना खराब' लिहिता येईल. 'नमुना सांडला' लिहिता येईल. दोन्ही पूर्वी लोकांनी लिहिलेलं पाहिलं आहे.

७.१०

लिहिलं. 'आधीचे चार नमुने चुकीच्या नळीतून घेतले गेले.' मग 'घेतले गेले' खोडून 'मी घेतले' केलं.

१५ मार्च, शुक्रवार

क्रमानं.

काल लॅबवाल्यानं चौकोन वाचला. टोपी काढून ठेवली. बाटली उघडली.

मी मॅडमना फोन केला. त्या पार्किंगमध्ये होत्या, परत आल्या. मी उभ्यानं सांगितलं. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "कधीपासून?"

"दुसऱ्या वेळेपासून. या बाईंच्याच."

"आधी कुणाच्या?"

"नाही."

आकडा रात्री आठ वाजता आला. ३२.

सर्जनना मॅडमनीच कळवलं. फोनमधून त्यांचा आवाज मला ऐकू येत होता, शब्द नाही. ठेवल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "बत्तीसवर बसवलं असतं तर परवा काढावं लागलं असतं." मग: "आज तुम्ही आलात ते लक्षात ठेवीन. त्याआधीचंही ठेवीन."

औषधाचा डोस त्यांनी लगेच खाली आणला. नवी गाळणी मागवली. तीन आठवडे.

आज सकाळी आठला — ज्या वेळी ऑपरेशन असायचं त्या वेळी — मॅडम मला काकूंच्या पलंगाशी घेऊन गेल्या. "तुम्ही सांगा. मी उभी आहे."

सांगितलं. नणंदेचा चेहरा दगडासारखा झाला. दोन दिवस उपाशी-अर्धपोटी तयारी केली होती त्यांनी. म्हणाल्या, "म्हणजे हिचं रक्त अजून भांडतंयच, आणि तुम्ही मला सांगत होतात, समेट झाला."

काकूंनी विचारलं, "तिकडून घेतलंत ते मला दुखू नये म्हणून, की तुमचा वेळ वाचावा म्हणून?"

"दोन्ही."

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या की एकदा त्यांनी एका वकिलाचा कोट जाळला होता. फोनवर बोलताना इस्त्री तशीच राहिली. तीन दिवस कोट सापडत नाही सांगत राहिल्या. चौथ्या दिवशी वकील स्वतः कपाटं उघडायला लागला.

"तुम्ही कोट घेऊन आलात," त्या म्हणाल्या. "पण जाळलात तो जाळलातच."

१६ मार्च, शनिवार

रजिस्टरमध्ये नवा रकाना आखला. पट्टी लावून, प्रत्येक पानावर. 'नमुना कोणत्या नळीतून.' आजवर असा रकाना नव्हता. कुणाला गरज वाटली नव्हती. नळी एकच, लाल, असं सगळे धरून चालले होते.

म्हणजे मागचं कुणाचंही काही कळणार नाही. माझ्या या रोजच्या लिहिण्याच्या जुन्या वह्याही मी ठेवत नाही. वर्ष संपलं की फाडते.

मॅडमना 'नाही' म्हणाले. पण सात तारखेला याच वहीत लिहिलंय: पूर्वी एकदा-दोनदा. कोण होते ते? आठवत नाही म्हणून नाही म्हणाले. ते खोटं होतं का? त्या क्षणी नव्हतं. आता आहे.

काकूंचं होऊन जाऊ दे. मग आठवीन.

१९ मार्च, मंगळवार

काकूंना ताप. १०२. मानेत नळीभोवतीची कातडी लाल झालीय, कडेनं पू.

वाढीव औषधानं अंगातली सगळीच राखण कमी झाली होती. कशामुळे वाढवलं होतं ते मला माहीत आहे, मॅडमना माहीत आहे.

नळी काढावी लागली तर दुसरी घालायला जागा नाही.

२० मार्च, बुधवार

१०३.

सकाळी लिफ्ट न घेता जिन्यानं गेले. बुधवार आहे.

नणंद रात्रंदिवस बसून आहेत. त्यांना घरी जा म्हटलं. "बत्तीस वर्षं गाडीत उभी राहिलेय," म्हणाल्या, "खुर्चीत बसायला काय होतंय." काकूंची थट्टा करायचं बंद झालंय. ते मला ताप वाढण्याहून वाईट वाटलं.

२१ मार्च, गुरुवार

१०१. पू कमी.

बाबांना सांगितलं. जेवता जेवता. सगळं. त्यांनी घास ठेवला. छापखान्यात एकदा औषधाच्या वेष्टणावर त्यांच्याकडून एक टिंब राहिलं होतं, अडीचचे पंचवीस झाले होते. छापून बाहेर पडायच्या आधी मशीनवाल्यानं पकडलं. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

"मग मी त्याआधीची सगळी वेष्टणं काढून बसलो," म्हणाले. "दोन दिवस. आणखी कुठे राहिलंय का बघायला."

"होतं?"

"नव्हतं. पण बघितलं."

मी पाणी आणायला उठले.

२२ मार्च, शुक्रवार

ताप नाही. नळी राहिली!

नणंद काकूंना म्हणाल्या, "नाटकं झाली असतील तर उठ." काकूंनी कप स्वतः धरला. थोडं सांडलं.

२५ मार्च, सोमवार

गाळणी आली. तीन आठवडे म्हणाले होते, पण मॅडमनी दुसऱ्या शहरातल्या ओळखीच्या डॉक्टरांकडून त्यांची शिल्लक मिळवली. ती आणायला त्या स्वतः गेल्या होत्या, सुट्टीच्या दिवशी. बर्फाच्या डब्यात, मांडीवर ठेवून आणली.

उद्यापासून पुन्हा. मला वाटलं होतं काम दुसऱ्या कुणाला देतील. मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच करा. आता तुमच्याइतकं जपून कोण करेल?"

हा विश्वास होता की शिक्षा, कळलं नाही.

२६ मार्च, मंगळवार

सुरुवातीला ६४. लाल नळी तिसऱ्या तासाला चिकटली. पंप हळू केला, काकूंची मान उशीनं वळवली, थांबले. पाच तास लागले. संपवलं, पंधरा मिनिटं घड्याळ लावून बसले. घड्याळ वाजल्यावर लाल नळीतून नमुना.

१६. रकान्यात लिहिलं: लाल.

२८ मार्च, गुरुवार

सुरुवातीला ३२. फक्त दुप्पट. सोळाचे बत्तीस. "बघा," मॅडम म्हणाल्या, "ही खरी उसळी. एवढीशी."

संपल्यावर ८. लाल.

३० मार्च, शनिवार

सुरुवातीला १६. संपल्यावर ४. लाल. लाल. दोनदा लिहिलं, एक खोडलं.

सोमवारी सकाळी आठ. सर्जननी विचारलं, कोणती नळी? मी सांगितलं. त्यांनी लॅबवाल्यालाही विचारलं. विचारू देत.

पंधरा मिनिटांच्या थांबण्यात नणंद खुर्चीतून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "चित्रात तुम्ही खालच्या नळीला सुई लावलीय. आता वरच्या नळीला लावता."

मी घड्याळाकडे बघत होते. "चित्र आहे ते," म्हटलं.

"गाडीत चढलं की मी आधी माणसाचा हात बघायचे," त्या म्हणाल्या. "तोंडाचं नंतर."

मी मान वर केली नाही. चित्र माझ्या डोक्याच्या मागे हातभर अंतरावर होतं. घड्याळ वाजलं, नमुना घेतला, रकाना भरला, दिवा बंद केला, दार लावलं.

१ एप्रिल, सोमवार

सकाळी आठ ते साडेबारा. सर्जन बाहेर आले, मास्क खाली केला. टाके घालायच्या आतच लघवी आली म्हणाले. टेबलावरच. नणंदेचं मूत्रपिंड काकूंच्या पोटात गुलाबी आहे. काळं नाही, निळसर नाही — गुलाबी.

मॅडमनी माझ्या दंडाला हात लावला आणि पुढे गेल्या.

संध्याकाळी काचेतून दोघींना पाहिलं. दोन पलंग, मध्ये पडदा. नणंद गुंगीत होत्या, तरी विचारत होत्या, "भांडतंय का?" नर्सनं सांगितलं, नाही. पडद्यापलीकडून काकूंचा आवाज आला, अगदी बारीक: "अजून ओळख झाली नाही. थांब जरा."

मी खूप हसले. मग जिन्यात जाऊन बसले.

सर आज आले होते, सोमवार ना. दुसऱ्या मजल्यावरून त्यांनी निरोप पाठवला: लाँड्रीवाल्या बाईंचं जमलं, ऐकून फार बरं वाटलं. तुमचं अभिनंदन.

२ एप्रिल, मंगळवार

खुर्चीवर चढून चित्र उतरवलं. खिडकीपाशी नेलं.

कोटाचं तिसरं बटण तुटलेलं. गाळणीवर चिकटपट्टी. माझा उजवा हात, हातात सिरिंज. सुई ज्या नळीत आहे ती गाळणीच्या खालून निघते. कोपऱ्यात सरांची सही आणि तारीख — त्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची.

उद्या बुधवार. ते सात वाजता येतात. चित्र पेपरात गुंडाळून पिशवीत ठेवलं आहे.